म्हणे, बदलापूर आपोआप वाढले!

दर पावसाळ्यात बदलापुरात एक वाक्य नव्याने उगवते. हेंद्रेपाड्यात पाणी शिरले, उड्डाणपुलावर वाहने खोळंबली, कात्रपच्या एखाद्या सोसायटीत टँकर आला, की कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, ‘काय करणार, शहर आपोआप वाढलं. नियोजनच नाही.’ वर्तमानपत्रे ‘नियोजनशून्य विकास’ असा मथळा देतात. नेते व्यासपीठावरून तेच सांगतात. बिल्डर तेच म्हणतो आणि लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले गृहस्थही तेच म्हणतात. ज्या वाक्याला तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, असे दोघेही माना डोलावतात, त्या वाक्यात काहीतरी काळेबेरे असणारच.

या मंडळींचे म्हणणे एकदा नीट मांडून घेऊ, म्हणजे नंतर अन्याय झाला असे वाटायला नको. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसे इकडे आली. माणसे आली म्हणून इमारती उभ्या राहिल्या. इमारती झाल्या म्हणून रस्ते तुंबले आणि नळ आटले. यात दोष कोणाचाच नाही. विकास आराखडा वगैरे काहीतरी असते, पण ते कागदावर. खरे काय ते जागेवर ठरते. शिवाय नियोजन कडक असते, तर तुम्हाला हा वन बीएचके मिळाला असता का? तेव्हा कुरकुर पुरे. मेट्रो येणार आहे, महापालिका होणार आहे, मग सगळे सुरळीत होईल.

यातले एकही वाक्य धड खरे नाही. शेवटचे तर मुळीच नाही.

सुरुवात ‘आपोआप’पासून करू. 2001 च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊण लाखाने वाढ. ही माणसे वाट चुकून आली का? मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना 1973 ची, दुसरी 1999 ला मंजूर झालेली, तिसरी 2021 ची. वस्ती कुठे वाढू द्यायची आणि कुठे रोखायची, हे ठरवणे हाच या योजनांचा धंदा. कल्याणच्या पलीकडचा हा पट्टा शहर होणार, हे त्यांच्या नकाशांवर केव्हाच रंगवलेले होते. बदलापूर नगरपरिषदेचा विकास आराखडाही बदलापूरकरांनी केलेला नाही. ‘अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर व सभोवतालचे अधिसूचित क्षेत्र’ असे लांबलचक नाव देऊन एमएमआरडीएला इथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले होते. ज्या गावासाठी प्रादेशिक योजना आहे, विकास आराखडा आहे आणि खास त्यासाठी नेमलेले प्राधिकरणही होते, त्याला नियोजनशून्य म्हणायला केवढे धैर्य लागते!

आणि मुंबईत जे ठरले त्याचे काय? गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी मिळेल, असा मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीचा हिशेब होता. 2001 मध्ये त्या नियमातली व्याख्या बदलली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. लालबाग-परळच्या खोल्या सोडून डोंबिवली, बदलापूर, विरार गाठणाऱ्या कुटुंबांच्या वाटेवर हा एक कागद आडवा पडलेला आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर आपल्या पुढच्याच स्टेशनाकडे पाहा. गिरणी कामगारांना वांगणी आणि शेलूला घरे द्यायचे सरकारने ठरवले. ‘आम्हाला मुंबईतच घर द्या’ म्हणत कामगार आणि त्यांचे वारस जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर उतरले. यालाही आपण उद्या ‘लोंढे आपोआप आले’ म्हणणार आहोत का? माणसे कुठे राहणार हे मंत्रालयात ठरते, त्यासाठी शासन निर्णय निघतो, आणि पंधरा वर्षांनी त्याच माणसांना ‘गर्दी’ म्हणून हिणवायला आपण मोकळे.

आता ‘आराखडा काय, कागदावरच असतो’ हा लाडका सिद्धांत. तो मांडणाऱ्याने कधी नगररचना विभागात जाऊन भाग नकाशा हातात घेतला आहे का? पिवळा रंग म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती किंवा हरित पट्टा, मध्येच आकडा घातलेले आरक्षणाचे चौकोन: खेळाचे मैदान, प्राथमिक शाळा, भाजी मंडई, दफनभूमी. गट नंबरांच्या बारीक रेघांवरून रस्त्यांच्या जाड दुहेरी रेघा गेलेल्या. त्या पिवळ्याची कड तुमच्या सातबाऱ्यावरून गेली तर जमिनीचा भाव कुठल्या कुठे जातो, आणि एक आकड्याचा चौकोन त्यावर येऊन बसला तर तीच जमीन कोणी विकत घेईना. जमीनमालकाला हे ठाऊक असते. दलालाला, वकिलाला, आर्किटेक्टला, माजी-आजी सगळ्या पुढाऱ्यांना ठाऊक असते. ते झोन दाखला काढल्याशिवाय बयाणा देत नाहीत. आराखडा निव्वळ कागद आहे असे फक्त एकाच माणसाला वाटते: ज्याने त्या कागदाच्या भरवशावर वीस वर्षांचे गृहकर्ज काढले आहे, त्याला. आणि तसे त्याला वाटत राहणे इतरांच्या किती सोयीचे आहे, हेही त्याला सुचत नाही.

कागदाची ताकद पाहायची असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 यातली दोनच कलमे पाहा. कलम 37 खाली मंजूर आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. हिरव्याचा पिवळा, मैदानाचे आणखी काही. त्याची सूचना निघते, हरकती मागवल्या जातात. ती सूचना कुठल्याशा दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि ‘नावात बदल’ यांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात असते. गुपचूप काही होत नाही. सगळे जाहीरच असते, फक्त वाचणारे कोणी नसते.

दुसरे कलम 127. आरक्षित जमीन आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नगरपरिषदेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे बारा, आणि 2015 च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची झाली. तुमच्या नकाशावरचे मैदान असे मरते. त्यावर कोणी बुलडोझर घालत नाही, कोणी गुंड पाठवत नाही. नोटीस येते, फाइल टेबलावर बसते, महिने सरतात. मग एक दिवस त्या भूखंडाला पत्र्याचे कुंपण पडते आणि बाहेर नव्या गृहसंकुलाचा फलक लागतो. शेजारच्या सोसायटीतली मुले तिथे क्रिकेट खेळायची, म्हणून लोक हळहळतात. हळहळतात, आणि म्हणतात काय? नियोजनच नाही हो! अरे, नियोजन होते. मैदान ठरलेले होते. दहा वर्षे आणि वर दोन वर्षे ते सांभाळायची संधी होती. ते कोणी गमावले, कोणत्या सभेत, कोणत्या टिप्पणीवर, हे विचारायचे सोडून तुम्ही हवेला दोष देता!

‘नगरपरिषदेकडे पैसा कुठे आहे?’ हा यावरचा ठरीव प्रतिप्रश्न. 2013 च्या भूसंपादन कायद्यानंतर जमिनी महाग झाल्या, हे खरे. पण कायदा फक्त रोकड मोजायला सांगत नाही. जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो, वाढीव चटई क्षेत्र देता येते. मालकाने काही भागात आरक्षण विकसित करून द्यावे आणि उरलेल्यात स्वतःचे बांधकाम करावे, अशीही तरतूद आहे. प्रत्येक बांधकामातून विकास शुल्क आणि अधिमूल्य वसूल होते, तेही आहेच. शहरात इमारती उभ्या राहायचे काही थांबलेले नाही. मग इमारत आली की पैसा येतो, आणि मैदानाची वेळ आली की तो नसतो, हे कोडे कोणी उलगडेल काय?

उलट नियमच सैल होत गेले आहेत. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातल्या मूळ तरतुदीनुसार 20 हजार चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर सार्वजनिक सुविधांसाठी जागा सोडायची सक्ती नव्हती. बदलापुरातले बहुतेक प्रकल्प केवढ्या भूखंडांवर उभे आहेत, ते आपापल्या सोसायटीच्या सातबाऱ्यावर पाहा. एकामागून एक लहान प्रकल्प होतात, प्रत्येक नियमात बसतो, आणि सगळे मिळून एका दवाखान्यापुरतीही जागा मागे ठेवत नाहीत. बांधकाम बेकायदा असते तर निदान तक्रार करता आली असती.

तिसरा मुद्दा सर्वांत भावनिक, म्हणून सर्वांत फसवा: स्वस्त घर. आरक्षणे, रुंद रस्ते, पूररेषा असली थेरं पाळली तर घरे महागतील आणि मराठी मध्यमवर्ग तिथूनही हाकलला जाईल, असे गळा काढून सांगितले जाते. हा कळवळा बहुधा घर विकणाऱ्यालाच फुटतो, हे एक असो. पण घर स्वस्त झाले म्हणजे नेमके काय झाले? शाळेची जागा किमतीतून वगळली, म्हणून मुलगी रोज व्हॅनमध्ये कोंबून लांब पाठवायची आणि व्हॅनचे पैसे दरमहा भरायचे. पाण्याची हमी वगळली, म्हणून देखभाल खर्चात टँकर आला. रस्ता वगळला, म्हणून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा आणि पावसाळ्यात मणक्याचा डॉक्टर. जाहिरातीत ‘स्टेशनपासून सात मिनिटांवर’ असते. ती सात मिनिटे कोणत्या वर्षातली, ते लिहिलेले नसते. बिल्डरने जे वगळले ते तुम्ही हप्त्याहप्त्याने आयुष्यभर भरता. याला स्वस्त म्हणणाऱ्याच्या गणिताला नमस्कार.

आणि पाण्याचे निघालेच आहे तर थोडे थांबून बघू. बदलापुरात इमारतीला परवानगी नगरपरिषद देते, नळाला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते, आणि जवळचे बारवी धरण एमआयडीसीचे. ज्याने मजले मंजूर करायचे, त्याच्या हाती पाणी नाही. ज्याच्या हाती पाणी, त्याला मजल्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. यालाही नियोजनशून्यता म्हणू नका. ही विभागणी कोणीतरी बसून, विचार करून ठरवलेली आहे.

आता नदीकडे येतो, कारण बदलापूरच्या या सगळ्या ढोंगाचा तळ तिथे दिसतो. उल्हास नदी बोरघाटात उगम पावते, कर्जत-नेरळवरून आपल्याकडे येते. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. खाली जांभूळ आणि शहाडला उचललेले तिचे पाणी ठाणे जिल्ह्यातली लाखो माणसे पितात. अशा नदीच्या काठाला पूररेषा आखायच्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवे बांधकाम नाही. निळ्या आणि लालच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटीमीटर उंच हवे. नियम इतका साधा आहे.

या रेषा आल्या आणि गावात काय आरडाओरडा झाला! विकास थांबला, पुनर्विकास अडकला, रेषा चुकीच्या आहेत, पुन्हा मोजा. रेषा चुकू शकते. मोजमाप पुन्हा करावे, अवश्य करावे, आणि ते सर्वांसमोर मांडावे. पण गंमत अशी की ‘रेषा चुकली’ म्हणणाऱ्यांतला एकही माणूस ती आणखी आत, शहराच्या बाजूला सरकायला हवी होती असे म्हणत नाही. चूक नेहमी एकाच दिशेला कशी होते?

26 जुलै 2005 ला पाणी आले. जुलै 2019 मध्ये आले, तेव्हा मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, नौदलाची हेलिकॉप्टरे. साऱ्या देशाने बदलापूर पाहिले ते असे. जुलै 2021 मध्ये पुन्हा आले. नदीलगतच्या जुन्या सोसायट्यांत जाऊन बघा. जिन्याखालचे विजेचे मीटर पहिल्या मजल्याच्या उंचीवर चढवलेले आहेत. तळमजल्याच्या भिंतीवर, रंग दिला तरी, स्विचबोर्डच्या वर एक गढूळ पट्टा उमटतोच. तिथल्या बायकांना निळी-लाल रेषा समजावून सांगावी लागत नाही. गव्हाचा डबा कोणत्या फळीवर ठेवायचा ते त्यांना ठाऊक आहे. त्याच गल्लीच्या तोंडाशी नवे संकुल येते. नियमानुसार जोते उंच करण्यासाठी मातीचा भराव पडतो, खाली पार्किंग, वर घरे, आणि जाहिरातीत ‘नदीकिनारी निसर्गरम्य’. पुराच्या दिवशी त्या भरावाने अडलेले पाणी जाणार कुठे? जुन्या सोसायटीत. नव्या घरवाल्याची गाडी बुडते, जुन्या घरवाल्याचे घर बुडते, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही म्हणतात, नैसर्गिक आपत्ती. पाऊस नैसर्गिक आहे. भरावाचा ट्रक निसर्गाने पाठवलेला नाही, त्यामागे एक मंजूर नकाशा आहे आणि नकाशावर सही आहे.

उरला मेट्रो आणि महापालिकेचा आशावाद. मेट्रो यावी, कोण नको म्हणतो? पण रेल्वे बदलापुरात 1850 च्या दशकापासून आहे. वाहतूक आली की शहर सुधारते असे असते, तर आपण दीडशे वर्षांपूर्वीच सुधारलो असतो. बडोदा महामार्ग आणि मेट्रोच्या नावाने जमिनींचे भाव आजच वर गेले आहेत, म्हणजे उद्याच्या शाळेची, दवाखान्याची, बागेची जागा आजच महागली आहे. ती आधी राखून ठेवायची असते. स्टेशन झाल्यावर मैदान शोधायला निघणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

आणि महापालिका? 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली, तेव्हा बदलापूर आणि अंबरनाथ तिच्यातच होते. 1992 मध्ये बाहेर पडून आपण स्वतंत्र नगरपरिषद घेतली. म्हणजे हे औषध घेऊन झाले आहे, आणि आपणच ते थुंकले आहे. जे आत राहिले त्यांचे काय सोने झाले? खोट्या परवानग्या आणि त्यांवर मिळवलेली महारेरा नोंदणी दाखवून उभारलेल्या 65 इमारती पाडा, असा आदेश 2024 मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला, तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्याच हद्दीत. उल्हासनगरही महापालिकाच आहे. तिथल्या बेकायदा बांधकामांना नियमित करण्यासाठी 2006 मध्ये विधिमंडळाला एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि मे 2021 मध्ये त्याच शहरात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. महापालिका झाल्याने पाटी मोठी होते, आयुक्त येतो, मालमत्ता कर वाढतो. नकाशावरचे मैदान त्याने वाचते, याचा एक तरी दाखला दाखवा.

शेवटी ‘आपण सामान्य माणसे, आपले कोण ऐकतो?’ हा नम्रतेचा आव. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सुरू झाली, तेव्हा याच बदलापूरच्या प्रवाशांनी स्टेशन दणाणून सोडले आणि मध्य रेल्वेला त्या वाढीव फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एका गाडीसाठी आवाज निघतो, वीस वर्षांच्या आराखड्यासाठी निघत नाही. मुंबईत 2015 च्या फेब्रुवारीत विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा लोकांनी तो वाचला. त्यात वारसा इमारती गायब, वसलेल्या घरांवरून रस्ते. हजारो हरकती गेल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा दुरुस्तीला परत पाठवावा लागला. मंजुरी मिळायला 2018 उजाडले. कागद वाचणारे लोक असले की कागद बदलतो.

आपल्याकडे 2020 पासून 2025 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीपर्यंत नगरपरिषदेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, कारभार प्रशासक पाहत होते. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा नागरी संस्थांचा पहिलाच विषय म्हणून लिहिलेला आहे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ तो विषय चालवायला नगरसेवक नव्हते. या काळात नियोजन थांबले होते का? मुळीच नाही. परवानग्या निघत होत्या, नकाशे मंजूर होत होते, जोती भरली जात होती. फक्त तुमच्या वतीने विचारणारा कोणी नव्हता, आणि तुम्ही ‘नियोजनच नाही’ म्हणत टँकरची वाट पाहत होता.

आता सभागृह आहे. त्या नगरसेवकाला विचारा, प्रभागात आरक्षणे किती, ताब्यात किती, कलम 127 खाली नोटीस आलेली किती आणि त्या नोटिशींची मुदत कधी संपते. कायद्याने वीस वर्षांच्या आत आराखड्याची सुधारणा करायची असते. तिचा मसुदा जाहीर होईल तेव्हा हरकतींसाठी तीस दिवस मिळतील. भाग नकाशा नगररचना विभागात शुल्क भरून कोणालाही मिळतो. हरकत साध्या कागदावर लिहिता येते, वकील लागत नाही. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.